पाइपवरचा चमचा

साहेब जिना उतरायला लागले की पाइपवर चमचा वाजवायचा, ही पद्धत आमच्या लाँड्रीत माझ्याही आधीपासूनची. दवाखान्यांच्या चादरी धुवायच्या, गरम रोलरमधून काढायच्या, घड्या घालून परत पाठवायच्या, हे आमचं काम. भिंतीवरून पार जिन्याच्या वरपर्यंत वाफेचा पाइप गेलाय. त्यावर चहाचा चमचा दोनदा हाणला की मशिनच्या खडखडाटातही सगळ्यांना कळतं, आला! मग बसलेल्या उठतात, बोलणाऱ्या गप्प होतात, तोंडातला घास न चावता गिळला जातो. कितीतरी वर्षं तो चमचा मी वाजवला. साहेबांचा बूट पहिल्या पायरीवर पडायच्या आत.

मग ते साहेब गेले आणि मालकांनी मलाच सुपरवायझर केलं. वरच्या काचेच्या खोलीत खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी जिना उतरले आणि खालून ठण्‌ ठण्‌ ऐकू आलं. माझ्यासाठी! खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, म्हटलं. ज्या आवाजाने मी बायकांना सावध करत होते, तोच आवाज मला सलामीसारखा वाटला.

माझी धाकटी जाऊ तिथेच रोलरवर होती. मीच तिला कामाला लावलेलं. घरी ती मला ताई म्हणायची. कामावर मी बजावलं, "इथे ताईबिई नाही. मॅडम म्हणायचं." घरच्या माणसाला झुकतं माप देते असं कुणी म्हणू नये, म्हणून तिला मी चार शब्द जास्तच ऐकवायचे. इतर कुणाची घडी तिरकी आली तर "नीट घाला," आणि तिची आली तर "डोळे काय घरी ठेवून आलीस?" पुढे ती घरीही मॅडम म्हणायला लागली. आधी चेष्टेत. मग चेष्टा गेली आणि मॅडम तेवढं राहिलं.

रोलरपुढे एक लोखंडी जाळी असते. हात आत जायला लागला तर जाळीला धक्का बसून मशिन बंद पडतं. पण आमची जाळी बिघडली होती. चादर जरा फुगली तरी मशिन थांबायचं, आणि थांबलं की वरून मी काच ठोठावायचे, "झोपलात का गं?" उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? बायकांनी मग जाळी वर उचलून उशीच्या अभ्र्याने बांधून टाकली. चमचा वाजला की गाठ सोडून खाली घ्यायची, मी गेले की पुन्हा वर.

हे मला माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. एका संध्याकाळी कांदा चिरता चिरता जाऊ म्हणाली होती, "ती जाळी फार अडते हो. आम्ही बांधून ठेवतो. एकदा बघा ना."

मी म्हणाले, "घरात कामाचं नको." तिने कांदा चिरून संपवला आणि त्यानंतर कामाचं काहीच बोलली नाही. मला वाटलं, शिस्त लागली.

त्या दुपारी मी कुणाला रागवायलाही उतरले नव्हते. तिचा डबा ओट्यावरच राहिला होता, म्हणून मी येताना आणला होता, तो द्यायला निघाले. खाली चमचा वाजला. तिच्या एका हातात ओली चादर, रोलरमध्ये अर्धी गेलेली. दुसऱ्या हाताने ती गाठ सोडायला गेली. चादरीचा पीळ मनगटाला बसला आणि रोलरने चादर ओढली, हातासकट.

मी शेवटच्या पायरीवर होते, डबा घेऊन.

उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

मालकांनी मला बोलावून घेतलं. "जाळी कुणी बांधली होती?"

"बायकांनी."

"म्हणजे तिनेही. मग विषय संपला. तिला काढून टाकू. तुमच्यावर काही येणार नाही."

नुसती मान हलवायची होती. ती हलली असती, इतकी मला त्या खुर्चीची सवय झाली होती. पण कानात चमचा वाजत होता. मी म्हणाले, "जाळी बिघडलीय हे तिने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि तिने घाई केली ती मला घाबरून. काढायचंच तर मला काढा."

मालकांनी मला नाही नाही ते ऐकवलं. शेवटी दोघींची नोकरी राहिली आणि जाळी दुरुस्त झाली.

घरी जाऊन मी तिला सगळं सांगितलं. ती पट्टीतल्या हाताकडे बघत होती. "बरं केलंत, मॅडम," म्हणाली.

"ताई म्हण गं."

"आता जिभेला तेच वळण पडलंय," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

ती परत कामावर आली, घड्यांच्या टेबलाशी. मी सगळ्यांना सांगितलं, यापुढे चमचा वाजवायचा नाही. सदा बडबडते म्हणून जिला आम्ही रेडिओ म्हणतो, तिनेच शेवटचा वाजवला होता. अपघातापासून रेडिओ बंदच होता. तिने चमचा माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी आवाज न करता उतरले. मला एकदम समोर बघून रेडिओच्या हातून चादरींचा गठ्ठा पडला. आणि जावेने दुखरा हात झटकन पोटाशी घेतला. मला वाटलं होतं चमचा गेला की भीती जाईल. पण त्या चमच्याला कोण घाबरत होतं?

तेव्हापासून चमचा मीच वाजवते, जिन्याच्या वरच्या पायरीवरून. मग थांबते. ज्याला जे करायचं ते सावकाश करू दे. तरी बायका उठून उभ्या राहायच्याच. मी बसा म्हणायचे, त्या बसायच्या नाहीत.

परवा चमचा वाजवून उतरले, तर जाऊ पाठमोरीच होती. तिने वळून बघितलं नाही. घड्या घालता घालताच म्हणाली, "जाळी परत अडतेय."

मॅडम नाही, ताई नाही. नुसतं तेवढंच.

"मशिन बंद करा," मी म्हणाले. खडखडाट थांबला. माल उशिरा जाणार होता, मालक बोलणार होते, बोलू देत. मी तिच्या शेजारी जाऊन चादरीचं दुसरं टोक धरलं. तिने धरू दिलं. आपलं टोक तिने उरलेल्या तीन बोटांत घट्ट धरलं होतं.