सुळक्याच्या पोटात

मोरा बंदरातला काशिराम तांडेल उभा जन्म कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बघत होडी घरी आणत आला होता. भर दर्यात किनाऱ्याच्या आधी तो अंगठ्यासारखा काळा दगड दिसायचा, की काशिराम सुकाणू वळवायचा. जवळ मात्र कधी गेला नव्हता.

पनवेलहून एस.टी. सुरू झाली त्या साली तो सुकी मासळी घेऊन सुळक्याच्या पायथ्याच्या शिरढोणला आपल्या दोस्ताकडे, दाजीकडे आला. दाजी आगरी, भातशेती करणारा.

"चल, आज वरती जाऊ," दाजी म्हणाला. "एवढा त्याच्या भरवशावर जगलास, जवळून तरी बघ."

रान चढून, दोन पडके दरवाजे ओलांडून दोघे सुळक्याच्या बुडाशी पोचले. काशिरामने मान वर केली. वरून ढग सरकत होते, त्यामुळे अख्खा दगडच अंगावर कलतोय असं वाटून तो मटकन खाली बसला. कड्याला आग्यामोहोळाची काळी पोळी लोंबत होती.

"आवाज नको," दाजी पुटपुटला.

तेवढ्यात एका घारीने पोळ्यावर झडप घातली. पोळ्याचा लचका तुटून खाली आला आणि आभाळ घुमू लागलं.

"पळ!" दाजीने त्याचा दंड धरून सुळक्याच्या पोटात कोरलेल्या टाक्यात ओढलं. दोघे कमरेएवढ्या गार पाण्यात उतरून अंधारात मागे सरकले. काशिरामच्या कानामागे दोन काटे रुतलेच होते. बाहेर माश्यांचा नुसता गजर चालला होता.

भिंत धरून उभं राहताना त्याच्या बोटांना छिन्नीचे घाव लागले. एकाला लागून एक, छतापर्यंत.

"दाजी, ह्यो माणसांनी खोदलाय?"

"तर! देवगिरीच्या राजांच्या वक्ताला गड व्हता म्हणतात. मग निजामशाही आली, फिरंगी आले. महाराजांच्या मावळ्यांनी मातीचे आडोसे उभारत, इंचाइंचाने पुढं सरकत घेतला. शेवटी इंग्रज. समद्यांनी ह्येच पाणी प्यायलं."

"आन् त्याच्या आधी?"

"शाळंचे मास्तर सांगतात, ह्यो दगड कवाकाळी आगीचा रस व्हता. थिजून असा झाला."

आगीतून झालेल्या दगडाच्या पोटात काशिराम गारठून उभा होता. त्याने ओंजळभर पाणी घेतलं, कपाळाला लावलं आणि प्यायलं. दर्याचा माणूस, डोंगराच्या माथ्यावर इतकं गोड पाणी असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

घुमणं थांबलं तेव्हा उन्हं कलली होती. दोघे दबकत बाहेर आले. पश्चिमेला खाडी, मिठागरं आणि त्यापलीकडे दर्या चकाकत होता. त्यावर शिडांचे पांढरे ठिपके.

"तुझी होडी कंची रं?" दाजीने विचारलं.

काशिरामने डोळ्यांवर हात धरून पुष्कळ वेळ पाहिलं. त्याचा मुलगा जगन त्यातल्याच एकीवर होता.

"नाय वळखत," तो हळूच म्हणाला. "समद्या सारख्याच दिसतात इथनं."