अकराव्या ठोक्याचा उशीर

मी एक जुना ड्रम आहे. वाजवणारा बसला की त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये जो छोटा ड्रम असतो ना, तो मी. मला स्नेअर म्हणतात. माझं अंग पितळेचं, वरचं तोंड पांढरं आणि तळाला बारीक तारांची एक पट्टी ताणून बसवलेली. वर ठोका पडला की या तारा थरथरतात आणि माझा आवाज कडक होतो.

मार खाणं हाच माझा धंदा. तेव्हा तुम्ही म्हणाल, याला कसला धक्का बसणार? पण मित्रांनो, मला बसलेला धक्का अजून उतरलेला नाही.

एका कारागिराने मला पत्र्यातून ठोकून काढलं. त्याला एका कानाने कमी ऐकू यायचं. प्रत्येक घावानंतर तो चांगला कान माझ्या पोटाला लावून बघायचा. त्याची बायको म्हणायची, "अहो, आता पुरे. भांडं आहे का ते, किती ठोकाल?" पुढे मी एका शाळेच्या कवायतीत सात-आठ वर्षं काढली, मग कपाटात गेलो. कपाटातली वर्षं मोजायला कोणी नव्हतं. शाळेतल्या कवायतीच्या बाईंनी एक दिवस मला बाहेर काढलं आणि एका मुलीच्या हातात देऊन म्हणाल्या, "घे. हा तुझ्याइतकाच हट्टी आहे. तुमचं जमेल."

जमलं. ती मुलगी मोठी झाली, तिने तिच्या दादाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायला सुरुवात केली, तिचं लग्न झालं, आणि मी सगळीकडे तिच्याबरोबर होतो.

बँड घरचाच म्हणायचा. दादा गिटार वाजवायचा. त्याची बायको, म्हणजे वहिनी, गायची. की-बोर्डवर एक गृहस्थ होते. ते कुठेही शिकवत नसत, पण त्यांना सगळे प्राध्यापक म्हणत, कारण ते साधा चहा मागतानाही समजावून सांगत. आणि माझ्या मालकिणीला सगळे घड्याळ म्हणत. ताल सांभाळायचं काम तिचं, म्हणून. नाव प्रेमाचंच होतं. पण घड्याळाची आठवण ते बंद पडल्यावरच होते, हे तुम्हालाही माहीत आहे.

टायर दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत तालीम चालायची. खाली हवा भरण्याचं यंत्र फुसफुसायचं, वर ही मंडळी. यांची गाणी सरळ चालीची नव्हेत. तुम्ही टाळ्या वाजवता त्या गाण्यात एक-दोन-तीन-चार असं मोजतात. यांच्या गाण्यात कधी सात मोजायचे, कधी नऊ. ऐकणाऱ्यांना टाळी कुठे द्यायची तेच कळायचं नाही. गाणं संपलं की नाही, हे लोक एकमेकांकडे बघून ठरवायचे.

एकदा वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल छापून आलं. दादाच्या गिटारवर तीन परिच्छेद, वहिनीच्या आवाजावर दोन, प्राध्यापकांच्या टोपीवरसुद्धा दीड ओळ. अगदी शेवटी लिहिलं होतं, 'ड्रमची साथ योग्य.'

"योग्य म्हणजे काय गं?" वहिनीने चिडून विचारलं.

"म्हणजे मी आले होते, हे त्यांच्या लक्षात आलं," घड्याळ म्हणाली आणि माझ्या तारा घट्ट करायला लागली.

मग ती गरोदर राहिली, आणि त्याच दिवसांत दादाने एक नवीन गाणं बांधलं. अकरा ठोक्यांचं. वहिनीच्या ओळी एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की मध्ये सुई जाणार नाही. महिने पुढे सरकले तसं घड्याळचं पोट वाढलं. ती माझ्यापासून थोडी लांब बसायला लागली. बाळ आतून लाथ मारायचं, ती जमिनीवर पाय आपटून हसायची, आणि तेवढ्यानेही माझ्या तारा शहारायच्या.

त्या गाण्यात तिचा अकरावा ठोका किंचित उशिरा पडायचा. अगदी मोहरीएवढा उशीर. मला वाटलं, पोट मध्ये येतं, हात पोचायला वेळ लागतो. बिचारी, असंच मी म्हणायचो. त्या मोहरीएवढ्या फटीत वहिनीचे खांदे वर उचलले जायचे. ती तिथे श्वास घ्यायची. पण हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. सगळे घड्याळच्या ठोक्यावर पाऊल टाकत आणि आपण आपल्याच पायांनी चाललोय असं समजत.

दादाने मात्र उशीर पकडला. "अकरावा मागे पडतोय तुझा."

"राहू दे," ती म्हणाली. "तो तिथेच बरा आहे."

दादाने मान हलवली. त्याला वाटलं, दमलीय.

नवव्या महिन्यात ध्वनिमुद्रण झालं. तिने तिचा भाग वाजवला, पाठीवर हात ठेवून उठली आणि घरी गेली. मी स्टुडिओतच राहिलो. दहा दिवसांनी तिला कळा सुरू झाल्या आणि दवाखान्यात नेलं. त्याच दुपारी दादा आणि रेकॉर्डिंगचे काका पडद्यासमोर बसले होते. माझे ठोके पडद्यावर रेघांसारखे उभे होते.

"बघ ना, प्रत्येक वेळी ही रेघ मागे," काका म्हणाले.

"दमली होती हो ती. सरळ करून टाका."

काकांनी बोटाने रेघ ओढली आणि पुढे नेऊन ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. मला वाटलं, कोणीतरी माझे दात एका ओळीत बसवतंय. ते झाल्यावर काका म्हणाले, "इतकं केलंच आहे, तर आवाजही यंत्राचा घालू का? या जुन्या डब्यापेक्षा स्वच्छ येईल."

"घाला," दादा म्हणाला.

मित्रांनो, मी त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर होतो. माझ्यादेखत माझा आवाज पुसला गेला आणि मला साधा खोकतासुद्धा आला नाही. आम्हाला कोणी मारल्याशिवाय बोलता येत नाही.

वहिनी नंतर येऊन गायली, पण एकेक ओळ सुटी, मध्ये थांबून. काकांनी ओळी जोडल्या. त्यामुळे कोणाला काही जाणवलं नाही.

बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा दादा ती तबकडी घेऊन घड्याळच्या घरी आला. मलाही घेऊन आला. मुलगी झाली होती. घड्याळने तिला खांद्यावर टाकलं, तबकडी लावली, आणि बाळाच्या पाठीवर ताल धरला. अकराव्या ठोक्याला तिचा हात हवेत थांबला. गाणं पुढे निघून गेलं होतं.

तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा हात थांबला.

"ही मी नाही," ती म्हणाली.

"थोडं सरळ केलंय," दादा म्हणाला. "आवाज तेवढा यंत्राचा आहे."

"मग माझं काय आहे यात?"

दादाने बाळाच्या टोपीची नाडी नीट केली. ती नीटच होती.

"तू मला विचारलं नाहीस, दादा."

"तू दवाखान्यात होतीस. कळा येताना तुला काय विचारणार होतो?"

"आधी विचारायचं. नंतर विचारायचं. दिवस काय एकच होता?"

दादाने तबकडी काढून पाकिटात घातली. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. सध्या यंत्रावर भागवू. तुझी झोप होत नाही, दिसतंय मला. बाळ मोठं झालं की बघू."

बाळ मोठं झालं की बघू, या वाक्याला तारीख नसते. तिला ते कळलं. माझ्या तर तळाच्या तारा सैल पडल्या. एवढ्या वर्षांची तिची जागा, आणि ती चहाचा कप उचलावा तशी उचलली गेली होती. ती रडली नाही. "बाळाची ढेकर काढायची आहे," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी मला मात्र नेलं. रंगमंच रिकामा दिसायला नको, म्हणून. माझ्यामागे रिकामं स्टूल. घड्याळ सर्वांत मागच्या रांगेत, दाराजवळ बसली होती. बाळाच्या कानांवरून जाड टोपी ओढलेली होती.

अकरा ठोक्यांचं गाणं सुरू झालं. तालमीत वहिनीने गळा जपायचा म्हणून अर्ध्या आवाजात म्हटलं होतं. आज पहिल्यांदाच ती पूर्ण आवाजात उभी राहिली. यंत्र सरळ चाललं, एकाही फटीशिवाय. दुसऱ्या ओळीला वहिनीच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. तिसऱ्या ओळीला चेहरा लाल झाला. चौथ्या ओळीच्या मध्यावर, शब्द अर्धा तोंडात असताना, तिचा आवाज तुटला.

यंत्र वाजतच राहिलं. दादाची बोटं तारांवर अडकली. प्राध्यापकांनी हात वर उचलले ते तसेच राहिले. लोकांना वाटलं, गाणंच असं आहे. काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनीने छातीवर हात ठेवला. माईक तोंडाशीच होता, म्हणून सगळ्या सभागृहाने ऐकलं. ती दादाला म्हणत होती, "अहो, श्वास कुठे घेऊ मी?"

दादाने यंत्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मागच्या दाराकडे. त्याचा चेहरा असा झाला की जणू चालता चालता पायाखालची पायरीच नाहीशी झाली. तो गेला आणि त्याने यंत्र बंद केलं.

"घड्याळ," वहिनी माईकमधून म्हणाली, "ये ना गं."

घड्याळ लगेच उठली नाही. तिने बाळाकडे पाहिलं, दुपट्याची घडी नीट केली. मग आली, सावकाश, मधल्या वाटेने, लोकांच्या माना वळवत. बाळ प्राध्यापकांच्या हातात दिलं. प्राध्यापकांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीही समजावून सांगितलं नाही.

ती स्टुलावर बसली आणि मी घाबरलो. कारण पोट आता नव्हतं. ती माझ्या अगदी जवळ होती. हात पोचायला कसलीच अडचण नव्हती. मला वाटलं, आता अकरावा ठोका वेळेवर पडेल, आणि वहिनी पुन्हा बुडेल.

आठ. नऊ. दहा.

तिचा हात वर होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती वहिनीच्या खांद्यांकडे बघत होती. खांदे उचलले गेले, श्वास आत गेला, आणि मग, मोहरीएवढ्या उशिराने, माझ्यावर ठोका पडला.

मित्रांनो, पोटाचा काही संबंधच नव्हता. ती फट ती मुद्दाम ठेवत होती, दर वेळी, दुसऱ्याच्या छातीकडे बघून. वर्तमानपत्राला कळलं नाही, दादाला कळलं नाही, त्याचं मी समजू शकतो. पण मी? मी इतकी वर्षं तिच्या गुडघ्यांमध्ये राहिलो, तिचा प्रत्येक ठोका अंगावर घेतला, आणि तिला बिचारी म्हणत होतो. असा धक्का कोणत्याही काठीने मला दिला नव्हता.

गाणं संपल्यावर दादा पडद्यामागे तिच्यासमोर उभा राहिला. "मी विचारायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "पुढची तालीम माझ्या घरी. बाळाच्या झोपेच्या वेळा मी सांगेन. त्या पाळायच्या."

"पाळू."

ती तबकडी अजून लोक ऐकतात. तिच्यावर मी नाही, तीही नाही. जे पुसलं गेलं ते परत आलं नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. गाणं ऐकाल तेव्हा सर्वांत मागे बसलेल्या माणसाकडे एकदा तरी कान द्या. आणि कोणाचं काही वाकडं, उशिराचं, मागे पडलेलं दिसलं, तर ते सरळ करायला लगेच बोट पुढे करू नका. आधी त्याला विचारा. कदाचित त्याने तिथे तुमच्या श्वासासाठी जागा ठेवलेली असेल.