सांध्याशेजारची रेघ

मित्रांनो, कोणी मला मुखवटा म्हणतं, कोणी टोप. वेल्डिंग करताना डोक्यावर चढवतात तो मी. आता जुना झालो आहे. कपाळावर पोचा पडला आहे, आतला पट्टा घामाने कडक झाला आहे. माझी गोष्ट सांगायला बसलो आहे खरा, पण सगळी मला कळली आहे असं समजू नका.

मी सरोवराकाठच्या थंडर बे गावच्या एका दुकानातून आर्वो कोस्केलाच्या घरी आलो. तेव्हा त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याची बायको इल्मी मला पाहून म्हणाली, "बरं झालं. आता भांडताना हाच घालून बस."

माझी बाहेरची बाजू जगाकडे असली, तरी आतून मला फक्त आर्वोचे डोळे दिसत. निळे, सरोवरावरच्या बर्फासारखे. मान झटकली की मी खाली येई आणि सगळीकडे काळोख होई. मग रॉड लोखंडाला टेकला की माझ्या गडद काचेत एक हिरवट उजेड उमटे. त्या उजेडात वितळलेल्या लोखंडाचं टिकलीएवढं तळं दिसे आणि आर्वो ते सांध्यावरून हळूहळू पुढे नेई. गोदीत, धान्याच्या कोठारांवर, मग रीता पेल्लेग्रीनोच्या गॅरेजात, आम्ही सगळीकडे हेच केलं. लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या गाड्यांची कामं तिच्याकडे येत. "आर्वोचा सांधा तुटणार नाही, लोखंड तुटेल," असं ड्रायव्हर म्हणत. मला वाटे, यात थोडं कौतुक माझंही आहे.

मग पुष्कळ वर्षांनी काय झालं, ते मला नीट सांगता येत नाही. आर्वो मधेच थांबू लागला. मला वर करी, पाही, पुन्हा खाली घेई. एकदा चिडून म्हणाला, "ही काच गेली!" त्याने माझी काच बदलली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग फिकट काच आणली, तर डोळे दिपून पाणी येऊ लागलं. मग पुन्हा गडद. तो इतका वाकू लागला की धूर माझ्या आत शिरे आणि तो खोकून बेजार होई.

मी गोंधळून गेलो. काच नवी, उजेड तोच, आणि समोरचे डोळे तर पूर्वीसारखेच निळे. मग बिघडलं काय? माझ्यातच काही खोट आली असावी, असं मी धरून चाललो.

आर्वोलाही तसंच वाटलं. त्याने आपोआप काळी होणाऱ्या काचेचा एक चकचकीत टोप आणला आणि मला खिळ्याला टांगलं. माझ्यावर धूळ बसली. पण थोड्याच दिवसांत तो त्या नव्या टोपालाही शिव्या देऊ लागला. आता मात्र माझी मतीच गुंग झाली. त्याची काचही गेली म्हणायची?

त्या हिवाळ्यात इल्मीचा भाऊ वेइक्को आपला ट्रेलर घेऊन आला. ओंडके घसरू नयेत म्हणून ट्रेलरला उभे खांब असतात. ड्रायव्हरच्या केबिनमागचा एक खांब बुडाशी तडकला होता. आर्वोने दुपारभर खपून तो जोडला. रीता कॉफीचा मग घेऊन आली, वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

"आर्वो, सांधा कुठाय आणि तुझं वेल्ड कुठाय?"

"सांध्यावरच आहे."

"शेजारी आहे. दोघं शेजारी राहतात, पण बोलत नाहीत."

"काच बरोबर नाही या टोपाची."

"जुन्याचीही नव्हती ना? गावातल्या सगळ्या काचा तुझ्यावरच रुसल्यात का?"

आर्वोचे कान लाल झाले. "थांब, दाखवतो," म्हणाला, आणि हातोडा उचलून त्याने खांबावर घाव घातला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्या घावाला खांब कलला आणि फरशीवर आडवा झाला.

वेइक्को वेलदोड्याचा पाव खात होता. त्याचं तोंड थांबलं. तो ओरडला नाही. "आर्वो," तो म्हणाला, "ते ओंडके माझ्या डोक्यामागे असतात रे."

आर्वो बाकावर बसला. हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला दोन रेघा दिसतात. खरी कुठली ते कळत नाही. म्हणून मधोमध मारतो."

"आणि हे कधीपासून?" रीताने विचारलं.

"काय माहीत! डोळे चांगलेत माझे. पलीकडच्या टेकडीवरचं हरीण दिसतं."

"हरणाला वेल्ड मारायचंय का तुला?"

वेइक्को हसला, आणि शेवटी आर्वोही हसला. पण हसताना त्याने डोळे पुसले, ते मी खिळ्यावरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी इल्मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक भिंग होतं. वयाने जवळचं अंधुक झालं होतं, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू धरू लागला होता. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया ठरली. तोवर भार पेलणाऱ्या प्रत्येक सांध्याला दुसऱ्या कोणीतरी हात लावून पाहिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असं रीताने बजावलं. आर्वोने मान डोलावली. एरवी तो भांडला असता.

त्याने मला खिळ्यावरून काढलं, धूळ पुसली आणि ते भिंग माझ्या काचेमागे बसवलं. "याची सवय आहे मला," एवढंच म्हणाला. नवा टोप रीताने घेतला. पाठीमागच्या खिडकीचा उजेड आत शिरून काचेवर चमकू नये म्हणून इल्मीने माझ्या मागे कातड्याचा पडदा शिवला. रीताने एक प्रखर दिवा आणून थेट सांध्यावर वळवला.

खांब पुन्हा उभा केला. आर्वोने मला खाली घेतलं. भिंगातून त्याचे डोळे मला केवढे तरी मोठे दिसले, आणि मी पार भांबावलो. पांढरट पापण्या, लाल शिरा, एका बुबुळावर पातळ साय. हे सगळं कधी झालं? मी तर इथेच होतो. बोटभर अंतरावर!

रॉड टेकवण्याआधी आर्वो थांबला. इतक्या वर्षांत जे त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, ते तो बोलला.

"रीता, रेघ इथेच आहे ना?"

"जरा डावीकडे. हां, इथेच."

काम झाल्यावर हातोडा वेइक्कोने घेतला. अंगातली सगळी ताकद लावून त्याने घाव घातले. खांब घणघणला, हलला नाही. वेइक्कोने त्यावर हात ठेवला, केबिनमध्ये चढला आणि गाडी सुरू केली.

मित्रांनो, काच पुसा, उजेड वाढवा, डोळे तपासून घ्या, हे तर मी सांगेनच. पण एक कोडं मला अजून सुटलेलं नाही, तुम्हाला सुटलं तर बघा. लोखंडाचे एवढे मोठे खांब सहज उचलणाऱ्या माणसाला 'मला दिसत नाही' हे तीन शब्द उचलायला इतका वेळ का लागला?