हंगाईंच्या चिलखताचा आवाज

तोवाकोनं आधी फ्रिजची पिन काढली. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून रजईत गुंडाळलं आणि ते गाठोडं लांबच्या खोलीत नेऊन ठेवलं.

"आता श्वासही बंद ठेवायचा का?" मियोकोनं विचारलं.

"तेवढा चालेल, ताई."

तोवाको टोकियोच्या एका गेम कंपनीत आवाज तयार करायची. सोमा गावच्या किनाऱ्यावरच्या या घरात ती हंगाई घराण्याचं चिलखत ऐकायला आली होती. घोड्यांच्या जत्रेत ते अजूनही दर उन्हाळ्यात अंगावर चढायचं. मियोकोचे वडील यासुहारू चिलखताच्या पेटीपाशी गुडघे मुडपून बसले होते. ऐंशी उलटलेली. ओरडून बोललेलं तेवढं त्यांना कळे, बारीक आवाज केव्हाच सोडून गेले होते. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं होतं.

"आमचा नातू खेळतो तुमचा गेम," ते म्हणाले. "त्यातला सामुराई चालला की मोरीत भांडी कोसळल्यासारखं वाटतं. मलासुद्धा ऐकू आलं, म्हणजे बघ!"

"पातेल्यांची झाकणं होती, काका!" तोवाको ओरडली. "मीच आपटली."

यासुहारू पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "असं वाजणारं चिलखत घालणारा लढाईआधीच मेला असता. खरा आवाज तुला देतो. पण तो मला एकदा ऐकव. वडील जत्रेहून यायचे तेव्हा आम्ही मुलं अंथरुणात जागी असायचो. पडवीतून तो आवाज आला की कळायचं, घोड्यानं पाडलं नाही, धड आले. आता माझा मुलगा तेच घालून माझ्या समोरून जातो आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

तोवाकोनं मान डोलावली खरी, पण तिची तिलाच खात्री नव्हती.

यासुहारूंचा मुलगा सेंदाई शहरात नोकरीवर होता. म्हणून चिलखत अंगावर चढवून घ्यायला मियोकोलाच उभं राहावं लागलं.

"पणजोबा म्हणायचे, बायकांनी याला हात लावायचा नाही," ती मोठ्यानं म्हणाली.

"ते वारले. हात वर कर," यासुहारू म्हणाले.

तोवाकोनं उजव्या पोटरीचा पट्टा बांधायला घेतला, तशी यासुहारूंनी तिच्या हातावर चापट मारली. "डावं आधी! पाय, हात, सगळं डावं आधी." तिनं गाठ सोडून पुन्हा सुरुवात केली. काळ्या लाखेच्या शेकडो लहान पट्ट्या निळ्या रेशमी दोऱ्यांनी एकमेकींना बांधलेल्या होत्या. गेममध्ये एक बटण दाबलं की हे सगळं अंगावर यायचं. इथं गाठी मारता मारता तिची बोटं दुखून आली.

मियोको पडवीतून चालू लागली. तोवाकोनं माइक तिच्याकडे वळवला, हेडफोन चढवले आणि लोखंडाच्या खणखणाटाची वाट पाहिली.

लोखंड कुठंच नव्हतं. पिकल्या भातातून वारा जावा तसं काहीतरी होतं, आणि त्याच्या आत एका माणसाचं वजन. रेशीम ताणलं जात होतं, सैल पडत होतं. देवळात शिरल्यावर आपला आवाज आपोआप खाली येतो, तसं तिचं झालं. कित्येक पिढ्यांची माणसं एवढाच आवाज सोबत घेऊन घराबाहेर पडली होती, आणि तिनं त्यांच्या पायांत झाकणं बांधली होती.

तिनं हेडफोन काढून यासुहारूंच्या कानांवर ठेवले. मियोकोला हातानंच खूण केली, पुन्हा पलीकडच्या टोकापासून ये. एव्हाना मियोको ओझ्यानं दमली होती. तिची पावलं जड पडत होती.

तोवाकोनं आवाज वाढवला. यासुहारूंनी मान हलवली. आणखी वाढवला. पुन्हा नकारच. आता आवाजाचं बटण थोडंच फिरायचं उरलं होतं आणि मियोको दाराजवळ पोचत आली होती. तोवाकोनं डोळे मिटून ते शेवटपर्यंत फिरवलं.

यासुहारूंचा हात वर उठला आणि तसाच राहिला. कागदी दारापलीकडे पावलं थांबली. म्हातारा ताठ बसला, आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यानं हाक मारली,

"आई, बाबा आले गं!"

दाराबाहेर मियोको तशीच उभी राहिली. दार सरकवायला तिचा हात उठला नाही.