दारावरची तीन अक्षरं

आमचे फादर कोन्स्तांती जन्माने काउंट, म्हणजे सरदार. क्राकूव्ह शहरातला बोलेस्ता महाल त्यांच्याच घराण्याचा. युद्ध संपल्यावर कम्युनिस्ट सरकारने तो ताब्यात घेतला आणि त्यात सोळा बिऱ्हाडं बसवली. फादरांनी हूं की चूं केलं नाही. महालाच्या शेजारच्याच चर्चमध्ये ताठ मानेने राहिले. मी त्यांच्या हाताखाली घंटा वाजवणारा, मेणबत्त्या लावणारा आणि वेळप्रसंगी त्यांच्या वतीने भांडणारा माणूस.

एकच गोष्ट त्यांनी आठ वर्षं टाळली. नाताळानंतर आमच्याकडे पाद्री घरोघर जातात, पवित्र पाणी शिंपडतात आणि दारावर खडूने लिहितात: क, म, ब. कास्पर, मेल्खिओर, बाल्ताझार. बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे. शेंबडं पोरही सांगेल. पण फादरांचं पूर्ण नाव पडलं कोन्स्तांती मारिया बोलेस्ता. गेलेल्या घराच्या दारादारांवर स्वतःचीच अक्षरं कशी लिहू, असं ते मला एकदा म्हणाले होते. लोक म्हणतील, ह्याचा जीव अजून दारांत अडकलाय. म्हणून महालात दर वर्षी आमच्या चर्चमधले धाकटे फादर जायचे.

एकोणीसशे त्रेपन्न सालच्या जानेवारीत धाकटे फादर बर्फावरून घसरले आणि पाय मोडून बसले. मी म्हटलं, यंदा महाल राहू द्या. पण तिथे राहणाऱ्या गेनोव्हेफाबाई, ट्रामच्या कंडक्टर, तरातरा चर्चमध्ये आल्या. सोळा घरांनी पाद्र्यांच्या स्वागताला टेबलावर पांढरी कापडं अंथरून ठेवलीत, त्यांचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. फादर उठले आणि त्यांनी खडू खिशात टाकला.

पुढे घंटी वाजवत मी, मागे ते. आत या म्हटल्याशिवाय त्यांनी एकही उंबरा ओलांडला नाही. नाचाच्या दालनाच्या आता चार खोल्या झाल्यात. त्यांच्या आईच्या खोलीत एक शिंपी राहतो. तिथे फादरांनी बूट जरा जास्तच वेळ पुसले. आत जाऊन खसखशीचा केक खाल्ला, शिंप्याच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, बाहेर येऊन दारावर अक्षरं लिहिली. एकही रेघ वाकडी गेली नाही. मी नीट बघत होतो.

सोळावं दार झालं आणि जिन्यात पीरेक आडवा आला. हा सरकारने नेमलेला इमारतीचा व्यवस्थापक, अकलेचा कांदा. हातात ओलं फडकं. सरकारी इमारतीवर मालकीच्या खुणा केल्याबद्दल त्याने फादरांना फैलावर घेतलं. सगळी अक्षरं आत्ताच्या आत्ता पुसा, नाहीतर वर कळवतो, म्हणाला. त्या वर्षी पाद्र्याला तुरुंगात टाकायला एवढं निमित्त पुरायचं. बिऱ्हाडं दारात येऊन उभी राहिली.

मी तोंड उघडणार, तोच फादरांनी मला हाताने थांबवलं.

"नागरिक बोलेस्ता, सरळ सांगा," पीरेक म्हणाला. "अक्षरं तुमची आहेत की नाहीत?"

फादरांनी दारावरच्या अक्षरांकडे पाहिलं. 'माझी' म्हणायचा त्यांना मोह होतोय हे मला चेहऱ्यावर दिसलं.

"राजांची आहेत," ते शेवटी म्हणाले. "ते राजे असूनही गोठ्यात गुडघे टेकून बसले. मी तर साधा काउंट."

आठ वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. काउंट! तेही त्यांच्याच जिन्यात. अभिमानाने माझी छाती भरून आली, ते मी कशाला लपवू?

"काय रे पीरेक," गेनोव्हेफाबाई वरून म्हणाल्या, "तुझ्या आईच्या दारावरही हीच अक्षरं असायची ना? मग तीही बोलेस्ताच का?"

जिनाभर हशा पिकला. पीरेकचे कान लाल झाले. फडकं त्याने पाठीमागे धरलं. फादरांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि ते पायऱ्या उतरू लागले.

"सांभाळून हं, काउंटसाहेब," पीरेकच्या तोंडून निघून गेलं. "खालून तिसरी पायरी फुटलीय."

"ठाऊक आहे," फादर मागे न बघता म्हणाले. "घोडा वर चढवताना मीच फोडली."