एका मिनिटाची भाऊबीज

मी एक म्हातारा कॅमेरा बोलतोय. खांद्यावर घ्यायचा, पोटात जाडजूड कॅसेट घालायची. सध्या मुक्काम बीडला, 'बालाघाट वाहिनी'च्या चकचकीत इमारतीत, दारातल्या काचेच्या कपाटात. खाली पाटी आहे, 'आमचा पहिला कॅमेरा'. त्या पाटीचा मला थोडा तोराच आहे म्हणा ना.

धारूरला मल्लिकार्जुनअप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानाच्या माळवदावर त्यांनी टीव्हीची छत्री बसवली, गल्लीगल्लीतून केबल ओढली आणि मला आणलं. पूजेत मला कुंकू लावलं ते थेट भिंगावर. त्या दिवशीच्या सगळ्या बातम्या लाल दिसल्या.

दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या बाजारतळावर लागायच्या. या लोकांची दिवाळी उसाच्या फडातच. मग भाऊबीजेला बहिणींनी ओवाळायचं कुणाला? अप्पांनी तोड काढली. निघणाऱ्या भावाला माझ्यापुढे मिनिटभर गप उभं करायचं आणि भाऊबीजेला ते टीव्हीवर लावायचं. घरोघरी बहिणी ताट घेऊन बसत. भाऊ दिसला की काचेवर टिळा लावून निरांजन फिरवत. दुसऱ्या दिवशी अर्ध्या धारूरच्या टीव्हींना कुंकू लागलेलं असायचं.

पहिल्याच वर्षी राधाकिशन नावाचा एक तरणा माणूस माझ्यापुढे आला आणि उभा राहता राहता गुडघ्यात वाकला.

"नीट उभा राहा बे," अप्पा म्हणाले.

"अप्पा, आमची आक्का ठेंगणी हाय. टीव्ही फळीवर हाय. हात पुरत न्हाई तिचा."

अप्पांनी मला खांद्यावर सावरून धरलं. मला वाटतं, डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. तेव्हापासून राधाकिशन दरवर्षी वाकत राहिला, आणि त्याची आक्का, छबुबाई, फळीवरच्या काचेला टिळा लावत राहिली.

कंपनी वाढली ती या मिनिटावर. केज, युसूफ वडगाव, शिरूर, सगळीकडून लोक 'आमच्याकडं बी वायर आणा' म्हणत आले. मग जाहिराती आल्या, उपग्रहावर जागा मिळाली, बीडला इमारत उठली. जाहिरातींचा कारभार बघायला सुरज नावाचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण मुक्या मिनिटात त्याला सहा जाहिराती दिसायच्या.

एका वर्षी राधाकिशनचं मिनिट टिपलं आणि माझं कॅसेटचं दार अडकलं. सुरजने नव्या छोट्या कॅमेऱ्याने सगळ्या भावांना पुन्हा टिपलं, दहा-दहा सेकंद. मला कॅसेटसकट अडगळीत टाकलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी छबुबाई ताट घेऊन थेट ऑफिसात आली. अडगळीच्या दाराआडून मी सगळं ऐकलं.

"दिवा फिरायच्या आत माझा भाऊ गेला. माझी ओवाळणी जाहिरातीतल्या गादीवाल्याला पडली."

सगळे पोट धरून हसले. अप्पा तेवढे हसले नाहीत, पण तोवर त्यांचा शब्द कुणी मानत नव्हतं. पुढे अप्पा गेले. मोबाईलवर भाऊ दिसू लागले आणि तो कार्यक्रम आपोआप बंद पडला. मी धूळ खात राहिलो. यंदा कंपनीला पंचविसावं वर्ष लागलं तेव्हा अप्पांची लेक कावेरीताई, आता तीच मालकीण, तिने मला पुसून कपाटात मांडलं.

दिवाळी सरल्यावर छबुबाई भावाचं जुनं मिनिट मागायला पुन्हा आली. मागच्या हंगामात राधाकिशन फडावरच वारला होता.

"मोबाईलात फोटो असंल की, मावशी," सुरज हळूच म्हणाला.

"हाय. त्यात ताठ उभा हाय. आवंदा चंद्राला ओवाळलं, तर त्यो बी लई वर. मला वाकलेला बघायचाय."

कावेरीताईंनी मान खाली घातली. मागे जागा रिकामी करताना जुन्या कॅसेटी भंगारात गेल्या होत्या. छबुबाई उठली. ते मिनिट माझ्या पोटात आहे, एवढंच मला सांगायचं होतं, पण मला बघता येतं, बोलता येत नाही.

जाता जाता ती कपाटापुढे थांबली. "ह्योच व्हता अप्पाच्या खांद्यावर." ताईंनी तिच्यासाठी काच सरकवली. तिने माझ्यावरून हात फिरवला, आणि ताईंची नजर माझ्या दाराच्या लहानशा खिडकीवर गेली.

"सुरजभाऊ, ह्यात कॅसेट हाय."

सुरजचा चेहरा उतरला. "मीच आत राहू दिली होती," म्हणाला, आणि मला टीव्हीला जोडायची वायर आणायला स्वतः पळाला.

ते मिनिट एकदा दाखवून मी कायमचा बंद पडलो. आता नुसता शोभेचा आहे, त्याचं दुःख नाही. जुनं काही भंगारात घालायच्या आधी एकदा उघडून बघत जा, एवढंच मागणं. आता ते शेवटचं मिनिट सांगतो आणि निरोप घेतो.

ऑफिसातला टीव्ही भिंतीवर उंच होता. पडद्यावर आधी नुसत्या रेघा आल्या. मग मागे गाड्या, पुढे राधाकिशन, टोपी घालून ताठ उभा. छबुबाई रिकाम्या हाताने आली होती. नकळत तिचं बोट वर गेलं. आता ती वयाने अजून वाकली होती. हात पडद्याच्या खालच्या कडेपर्यंतच पुरला.

आणि पडद्यावर राधाकिशन गुडघ्यात वाकला. त्याचं कपाळ हळूहळू खाली आलं आणि तिच्या बोटाशी येऊन थांबलं. पूर्ण एक मिनिट.