दारात उतरलेल्या शेण्या

दिवाळीपासून आमच्या घरात मॅरेथॉनशिवाय दुसरा विषय नव्हता. नवऱ्यानं, म्हणजे सौरवनं, बँकेतल्या मित्रांच्या नादी लागून आपलं नाव घातलं आणि पाठोपाठ माझं आणि नववीतल्या सौम्याचंही. रोज पहाटे शहरातल्या आमच्या खासबागेतल्या घरातून निघायचं आणि रविवारी कॅम्पातल्या रुंद रस्त्यांवर लांबची फेरी मारायची. मी आधी नाकं मुरडली. पण खोटं कशाला बोलू, पुढं मलाच चटक लागली. नव्या बुटांचे फोटो मी माहेरच्या सगळ्यांना पाठवले होते.

आप्पाही रविवारचीच वाट बघायचे. आप्पा म्हणजे माझे सासरे, नागोजी. ते आणि माझ्या सासूबाई निपाणीजवळच्या गावात राहतात. पावसाळा संपता संपता आप्पांना दम्यानं गाठलं. निपाणीच्या दवाखान्यात राहून घरी आले तेव्हा आम्ही एकदा धावती भेट देऊन आलो, तेवढंच. त्यानंतर दर शनिवारी सासूबाईंचा फोन यायचा, "उद्या येतायसा न्हवं? ह्येनी वाट बघत्यात." सौरव म्हणायचा, "पुढच्या रविवारी नक्की." आणि पुढच्या रविवारी फेरी आणखी लांबलेली असायची.

या शनिवारी सासूबाई "येतायसा न्हवं" असं म्हणाल्याच नाहीत. "ह्येंस्नी आता घराबाजूच्या परड्यापतूरबी जाववत न्हाय," एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. त्यावर सौरवला एक युक्ती सुचली. हायवेवरच्या फाट्याला गाडी लावायची आणि तिथून गावापर्यंत पळत जायचं. फेरीही होईल आणि आप्पाही खूश. जेवून लगेच परतायचं, कारण संध्याकाळी आमच्या ग्रुपचं टी-शर्ट वाटप होतं. मी त्याच्या डोक्याचं कौतुक केलं. आता त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

सकाळी फाट्यावरून सुटलो. थंडी होती, शेतांत तंबाखू उभी होती, बरं वाटत होतं. पण गाव जवळ येईतो सौम्याच्या टाचेला फोड आला आणि ती रडायलाच लागली. माझं केसांचं रबर तुटलं, केस तोंडावर यायला लागले. सौरव कानात इअरफोन घालून पुढं. आमचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मळ्यालगत आहे, त्यामुळं सगळं गाव ओलांडूनच जावं लागतं. डेअरीपाशी माणसं किटल्या घेऊन उभी होती. मष्णूमामा, आप्पांचे जुने सोबती, ओरडले, "सौरव, अरं काय झालं रं?" त्याला ऐकू गेलं नाही. मला बोलायला दम नव्हता. मी हातानंच 'मागनं बोलू' अशी खूण केली आणि लंगडणाऱ्या पोरीला ओढत पुढं निघाले.

आप्पा अंगणात उन्हाला खाटेवर बसले होते. आम्हाला बघून उठायला गेले, उठता आलं नाही, तसेच हसले.

"पळत आलास व्हय रं? मला बघाय पळत आलास?"

सौरव म्हणाला, "व्हय आप्पा." आप्पांनी त्याचा घामेजलेला हात धरला आणि सोडेचनात. सासूबाईंनी चहा ठेवला. मीही मनात म्हटलं, झालं, सगळं फिटलं.

चहा कपात ओतला न ओतला तोच गल्लीतून बाईचा हेल काढून रडण्याचा आवाज आला. "आप्पाऽऽ, असं कसं वं सोडून गेलासा..."

वेशीजवळच्या मालुबाई पदर डोळ्याला लावून वळणावर आल्या. डोक्यावर शेण्यांची, म्हणजे गोवऱ्यांची, पाटी. त्यांच्यामागं बायका, त्यांच्यामागं खांद्यावर टॉवेल टाकलेले पुरुष, कुणाच्या हातात शेण्या, कुणाच्या खांद्यावर लाकडं. आमच्याकडं गावात कुणी गेलं की सरणासाठी घरटी थोड्या शेण्या, थोडी लाकडं घेऊन जायची रीत आहे. मालुबाई अंगणात आल्या आणि खाटेवरचे आप्पा बघून त्यांचा हेल तोंडातच राहिला.

"कुणाचं गं झालं, मालुबाई?" आप्पांनी विचारलं.

बायकांनी पाट्या खाली टेकवल्या. आप्पांनी शेण्यांकडं बघितलं, माझ्या मोकळ्या केसांकडं बघितलं, रडून लाल झालेल्या नातीकडं बघितलं. मग त्यांच्या ध्यानात आलं.

सासूबाई भडकल्या. "जित्या माणसाच्या दारात शेण्या आणतासा? डोळं फुटलं व्हय तुमचं?"

मष्णूमामा पुढं आले. "चुकलं आमचं, वैनी. पर सौरव लई दिसांत गावाकडं फिरकला न्हाय. आन् आज एकदम बायकापोरास्नी घिऊन रडत पळत आला. आमी दुसरं काय समजायचं?"

ते रागानं बोलले असते तर मला भांडता आलं असतं. ते अगदी साधेपणानं बोलले. बाप मेल्याशिवाय हा येणार नाही, हे गावानं कधीचं धरून ठेवलं होतं. गाणी केव्हाच बंद झाली होती, तरी सौरवच्या कानात ते इअरफोन अजून तसेच होते. त्यानं ते काढले आणि कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी पदर शोधायला खांद्याकडं हात नेला, आणि अंगावर टी-शर्ट आहे हे आठवलं.

बायका पाट्या उचलायला लागल्या. आप्पा म्हणाले, "थांबा. मयताच्या नावानं काढलेल्या शेण्या माघारी न्हेत न्हाईत. तिकडं परड्यात रचा." दम खाऊन त्यांनी आवाज चढवला, "आन् ऐका समदी. माझा ल्योक मला बघाय पळत आलाय. रजा काढून आलाय. चार दिस हाय हितं."

सौरवनं असं काहीच सांगितलं नव्हतं. आप्पांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

"मग बरं झालं," मालुबाई म्हणाल्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुरुषांनी आप्पांच्या डोळ्यांसमोर त्या शेण्या रचल्या, वर लाकडं ठेवली, आणि चहा न घेताच सगळे गेले. मी चूळ भरायच्या निमित्तानं भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

अंगण मोकळं झाल्यावर आप्पांनी सौरवला खाटेवर बसवून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तू जेवून नीघ, बाळा. तुझी कामं असत्यात. लोकांस्नी मी सांगतो, ऑफिसातनं अचानक फोन आलता म्हणून."